घरातला विणीचा हंगाम

प्रस्तावना

अर्थ न समजता केलेल्या पाठांतराला आपण ‘पोपटपंची’ म्हणतो. पोपटाच्या बोलण्याचे आपल्याला कौतुक असते. तो न बोलता जे सांगतो, त्याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. दुसऱ्या कुटुंबाकडून दत्तक घेतलेला पक्षी काही आठवडे शांत राहतो आणि मग एकाएकी चावू लागतो, कर्कश ओरडतो, कोपऱ्यात दडून बसतो. ‘याचा स्वभावच वाईट’ असे ठरवून त्याला पुन्हा दुसरीकडे धाडले जाते. प्रस्तुत माहितीपर लेखात या वर्तनाचे कारण आणि त्यावरील उपाय सांगितले आहेत.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर आपण –
• पक्ष्याच्या वर्तनामागील नैसर्गिक कारणे सांगू शकाल;
• घरातील कोणत्या गोष्टी विणीला चालना देतात, हे ओळखू शकाल;
• योग्य उपायांची क्रमवार मांडणी करू शकाल.

मूळ पाठ

गळ्याभोवती गुलाबी कंठ असलेला राघू, पहाडी पोपट, तुईया हे भारतातील रानपोपट होत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण दिले आहे. त्यांना पकडणे, विकणे अथवा पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. म्हणून या पाठात आपण कॉकटील या परदेशी पोपटाचे उदाहरण घेऊ. तो मूळचा ऑस्ट्रेलियातील असला, तरी आज घरोघरी दिसणारे कॉकटील पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या सहवासातच वाढलेले आहेत.

करड्या अंगाचा, डोक्यावर तुरा आणि गालावर नारिंगी ठिपका असलेला हा पक्षी साधारण वर्षभरात वयात येतो. नीट सांभाळल्यास तो पंधरा-वीस वर्षे जगतो. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागात पाऊस पडला, गवताला बी धरले, की त्याचा विणीचा हंगाम सुरू होतो आणि मादी झाडाच्या ढोलीत अंडी घालते. प्रकाश, अन्न, जोडीदार आणि ढोली या चार गोष्टींची वर्दी मेंदूला पोहोचली, की पीयूषिका ग्रंथी संप्रेरके स्रवू लागते आणि एरवी आक्रसलेली जननेंद्रिये वाढतात. प्रकाशाची ही जाणीव पक्ष्यांना केवळ डोळ्यांनी होत नाही. कवटीतून झिरपणारा उजेड मेंदूतील विशिष्ट पेशीही टिपतात. हंगाम सरला, की सारे पूर्ववत होते.

घरात मात्र हंगाम सरतच नाही. सकाळी सहाला उजाडते आणि बैठकीच्या खोलीतील दिवा रात्री अकराला मालवला जातो. म्हणजे पक्ष्याचा दिवस सतरा तासांचा झाला. दिल्लीतील जूनमधला सर्वांत मोठा दिवसदेखील सुमारे चौदा तासांचाच असतो! वाटी सदैव भरलेली असते. कपाटाखालची अंधारी फट त्याला ढोली वाटते. प्रेमाने पाठीवरून फिरणारा आपला हातही त्याला जोडीदाराचा स्पर्श वाटतो. आपण माया करतो. पक्षी तिचा वेगळाच अर्थ लावतो.

अशा वेळी नर सतत शीळ घालतो, चोच आपटतो, आरशाशी लगट करतो, शेपटीखालचा भाग काठीवर घासतो. मादी कोपरे धुंडाळते, कागद कुरतडते. दोघेही आपली जागा राखण्यासाठी चावा घेतात. काही पक्षी आवडत्या माणसासमोर गिळलेले अन्न पुन्हा चोचीत आणतात. हे आजारातील ओकारीपेक्षा वेगळे असते. परंतु शंका आल्यास पशुवैद्यास दाखवावे. नव्या घराची भीती किंवा दुखणे यांमुळेही पक्षी चिडतो, म्हणून प्रथम तपासणी करून घेणे श्रेयस्कर. आधीच्या मालकाकडून पक्ष्याचे वय, आहार आणि पूर्वी घातलेली अंडी यांची माहितीही विचारून घ्यावी.

उपाय साधे आहेत. मात्र त्यांत सातत्य हवे.

१. पक्ष्याला रोज ठरावीक वेळी दहा ते बारा तास शांत, अंधारी झोप द्यावी.
२. पिंजऱ्यातील घरटे, खोकी आणि आरसा काढून टाकावा. फटी व कपाटे बंद ठेवावीत.
३. स्पर्श केवळ डोके व मान यांपुरता मर्यादित ठेवावा.
४. कोमट, मऊ पदार्थ आणि सूर्यफुलाच्या बिया कमी कराव्यात. अन्न थोडे थोडे, शोधून खावे लागेल असे ठेवावे.
५. पिंजऱ्याची जागा व आतील काठ्यांची मांडणी अधूनमधून बदलावी.

पक्षी चावला तर ओरडू नये, मारू नये. त्याला शांतपणे काठीवर उतरवून दूर व्हावे. परिणाम दिसण्यास काही आठवडे लागतात.

मादीच्या बाबतीत हा प्रश्न केवळ वर्तनाचा राहत नाही. नर नसतानाही ती अंडी घालते. अंडी लगेच उचलल्यास ती उणीव भरून काढण्यासाठी पुन्हा घालत राहते. म्हणून ती स्वतः कंटाळून सोडीपर्यंत, साधारण तीन आठवडे, अंडी तशीच ठेवावीत. प्रत्येक कवचासाठी तिच्या शरीरातील चुना खर्च होतो. तो भरून निघावा यासाठी पिंजऱ्यात समुद्रफेस टांगावा. पिसे फुलवून तळाशी बसणे, कुंथणे, पाय लुळे पडणे ही अंडे अडकल्याची चिन्हे होत. घरी पोट दाबू नये. पक्ष्याला ऊब देऊन तत्काळ पशुवैद्याकडे न्यावे. विलंब झाल्यास ती दगावू शकते.

कंटाळून अशा पक्ष्याला आकाशात सोडून देणे म्हणजे दया नव्हे. अन्न शोधणे, शत्रू ओळखणे हे त्याला ठाऊक नसते. चिडलेला पक्षी वाईट नसतो. घराने दिलेल्या सूचनेला तो इमानाने उत्तर देत असतो. तेव्हा बदलायला हवी ती घराची सूचना.

शब्दार्थ

वीण – प्रजनन. संप्रेरक – ग्रंथीतून स्रवणारे व शरीरक्रियांना चालना देणारे द्रव्य. ढोली – झाडाच्या खोडातील पोकळी. वर्दी – सूचना, खबर. श्रेयस्कर – हिताचे

पाठगत प्रश्न

१. पक्ष्याच्या मेंदूला कोणत्या चार गोष्टींची वर्दी मिळते?
२. अंडी लगेच का उचलू नयेत?

स्वाध्याय

१. ‘आपण माया करतो; पक्षी तिचा वेगळाच अर्थ लावतो’ या विधानाचा आशय चार-पाच वाक्यांत स्पष्ट करा.
२. आपल्या शेजाऱ्याने कॉकटील दत्तक घेतला असून तो चावू लागला आहे. त्याला सल्ला देणारे पत्र लिहा.
३. ‘पोपटपंची’ आणि ‘पूर्ववत’ या शब्दांचा वाक्यांत उपयोग करा.