तंबाखूचे व्यसन व बालकाचा मेंदू

देवरी तालुक्यात उन्हाळ्यात तेंदूपानांची तोडणी होते. ही पाने विड्यांसाठी जातात. सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेला खर्राही या भागात सर्वपरिचित आहे. विडी व खर्रा यांत व्यसन जडविणारे द्रव्य एकच, ते म्हणजे निकोटीन.

विडीच्या धुरातून ते सुमारे 10 सेकंदांत मेंदूत पोहोचते. खर्ऱ्यातील निकोटीन तोंडाच्या अस्तरातून सावकाश रक्तात शिरते. मेंदूच्या पेशींवर ॲसिटिलकोलीन या नैसर्गिक द्रव्यासाठी ग्राही स्थाने असतात. कुलपात किल्ली बसावी तसे निकोटीन तेथे बसते. त्यायोगे डोपामिन स्रवते व क्षणभर बरे वाटते. वारंवार सेवनाने ही स्थाने संख्येने वाढतात. मग निकोटीन न मिळाल्यास चिडचिड व अस्वस्थता उत्पन्न होते आणि चित्त एकाग्र होत नाही. पुढचा खर्रा केवळ ही पीडा शमवितो; व्यसनी मनुष्य मात्र त्यालाच सुख समजतो.

मेंदूची वाढ वयाच्या सुमारे 25 व्या वर्षापर्यंत चालते. त्यामुळे कोवळ्या वयात ही सवय लवकर व खोल रुजते. वर्गात अस्वस्थ दिसणारा विद्यार्थी आळशीच असेल असे मानू नये. त्यास शिक्षा न करता एकांतात विश्वासाने विचारावे. व्यसन सोडल्यावर काही आठवड्यांत ती वाढलेली स्थाने पुन्हा घटतात, हेही त्यास सांगावे.

2003 च्या कायद्यान्वये शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखूची विक्री निषिद्ध आहे. परंतु शिक्षकाच्याच खिशात पुडी असल्यास फळ्यावरील धडा व्यर्थ होय.