मोटारींतील पहिलें हौशी रेडिओयंत्र

२ ऑगस्ट २०१६ रोजीं गोदावरीस महापूर येऊन पंचवटींतील रामकुंड परिसर जलमय झाला. अशा संकटीं मोबाईल फोन बंद पडल्यास जीपमधील रेडिओयंत्र उपयोगी पडतें. मात्र दोन्ही टोकांस दूरसंचार विभागाचा परवाना असलेला मनुष्य हवा. व्यापाराचें बोलणें त्यावर वर्ज्य आहे.

पहिलें यंत्र १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचें, साधें व थोड्या कळांचें घ्यावें. आमच्या मतें अधिक वॅटांपेक्षां एरियलवर पैसा खर्चावा. अर्ध्या मीटरची सळई लोखंडी टपाच्या मध्यभागीं बसवावी. ५० वॅटांचें यंत्र बोलतांना सुमारें १० अँपिअर वीज ओढतें. म्हणून जाड तार फ्यूज घालून थेट बॅटरीपासून आणावी. सराव मात्र पावसाळ्यापूर्वींच करावा. पुरांत शिकण्यास अवकाश नसतो.