आज्ञा कोणाची, हे न विचारणारी यंत्रे

आपल्या वसतिगृहाच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे आणि आवारातील विहिरीवर मोटार आहे. पूर्वी टाकी भरली की नाही हे पाहण्याची पाळी मुलांमध्ये वाटून दिलेली असे. पुढे टाकीत फ्लोट आणि खाली ऑटो स्टार्टर बसला, तेव्हा ती पाळी बंद झाली. पाणी चढले की फ्लोट वर येतो व मोटार थांबते. पाणी उतरले की मोटार पुन्हा सुरू होते. एका रात्री तो फ्लोट टाकीतील पाइपाला अडकून खालीच राहिला. टाकी रात्रभर वाहत राहिली आणि पहाटे मुले आंघोळीला उठली तेव्हा विहीर तळाला गेली होती. मोटारीचा यात काहीच दोष नव्हता. टाकी रिकामी आहे, असे तिला सांगण्यात आले आणि तिने ते मानले. सांगणारा खरे बोलतो आहे काय, हे पडताळण्याची सोय तिच्यात नव्हती.

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आम्हाकडे लेख मागितला तेव्हा आम्हास हा प्रसंग आठवला. इतिहासाच्या शिक्षकाने यंत्रांविषयी लिहावे याचे कोणास आश्चर्य वाटेल. परंतु साधन कोणी लिहिले, का लिहिले, दुसरे साधन त्याला दुजोरा देते काय, हे प्रश्न आम्ही गेली अनेक वर्षे वर्गात विचारीत आलो आहोत आणि तेच प्रश्न आता कारखान्यांच्या नियंत्रण कक्षांत विचारण्याची वेळ आली आहे. दुसरे कारण अधिक जवळचे आहे. आपल्या शाळेतून दहावी झालेली कितीतरी मुले आयटीआय व तंत्रनिकेतनाच्या वाटेने जातात. पुढे जलशुद्धीकरण केंद्रात, साखर कारखान्यात, वीज उपकेंद्रात पाळीवर बसून पडद्याकडे पाहणे हे त्यांच्या वाट्यास येते. त्या पडद्यावर किती विश्वास ठेवावा, हे त्यांना कोणी शिकवीत नाही.

प्रथम या व्यवस्थेचे स्वरूप पाहू. कारखान्यातील पंप, झडपा व भट्ट्या यांना आज्ञा देणारा एक लहान, मजबूत संगणक असतो. त्यास पीएलसी म्हणतात. १९६८च्या सुमारास अमेरिकेत डिक मॉर्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची कल्पना साकारली आणि मोटारगाड्यांच्या कारखान्यांत त्याचा प्रसार झाला. दूरवर पसरलेल्या अशा अनेक पीएलसींची माहिती एका कक्षात आणून पडद्यावर दाखविणारे व तेथून आज्ञा पाठविणारे सॉफ्टवेअर म्हणजे स्काडा. ही यंत्रे एकमेकांशी ज्या भाषांत बोलतात, त्यांपैकी मॉडबस ही १९७९ साली निघाली व आजही जगभर चालू आहे. तिच्या मूळ रूपातील संदेशात कोणत्या यंत्राने, कोणते काम, किती प्रमाणात करावे हे असते. आज्ञा देणाऱ्याची ओळख पटविण्याची जागाच त्यात नाही. त्या काळी हे स्वाभाविक होते. तार कारखान्याच्या भिंतीच्या आत होती आणि भिंतीच्या आत सगळे आपलेच, असा समज होता. पुढे तीच तार कार्यालयाच्या संगणकाला, रेडिओला आणि इंटरनेटला जोडली गेली. भाषा मात्र तीच राहिली. आज ज्यास आपण सुरक्षेतील त्रुटी म्हणतो, त्यांतील पुष्कळशा या जुन्या समजाच्या खुणा आहेत.

या समजाला बसलेला एक मोठा धक्का ऑस्ट्रेलियातील आहे. क्वीन्सलँड राज्यातील मरूची शायर या भागात मैलापाणी वाहून नेण्यासाठी १४२ पंपगृहे होती व ती रेडिओ संदेशांनी चालविली जात. २०००च्या आरंभी तेथे विचित्र बिघाड होऊ लागले. पंप चालावयाच्या वेळी बंद राहत, धोक्याच्या सूचना मुख्य संगणकापर्यंत पोहोचत नसत. नवीन यंत्रणा आहे, बसविताना काही चुकले असेल, असा आधी समज झाला. तपास करणाऱ्या अभियंत्यास दिसले की गोंधळ घालणारे संदेश १४ क्रमांकाच्या पंपगृहाच्या नावाने येत आहेत. तो तेथे प्रत्यक्ष गेला. पंपगृह सुस्थितीत होते, कोणी हात लावल्याचे चिन्ह नव्हते. मग त्याने एक साधीच गोष्ट केली, जी आम्हास या सर्व प्रकरणातील सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. त्याने त्या पंपगृहाचा क्रमांक बदलून ३ केला. यापुढे खऱ्या पंपगृहाचे संदेश ३ या नावाने येणार होते. म्हणजे १४ या नावाने जो बोलेल तो तोतया. बनावट सनद ओळखण्यासाठी इतिहाससंशोधक ज्या युक्त्या करतात, त्यांच्याच जातीची ही युक्ती होय.

बोलणारा तोतयाच निघाला. ही यंत्रणा बसविणाऱ्या कंपनीत पूर्वी काम केलेला हा इसम. त्याने स्थानिक परिषदेकडे नोकरी मागितली होती व ती नाकारली गेली होती. २३ एप्रिल २००० रोजी तो पकडला गेला तेव्हा त्याच्या मोटारीत लॅपटॉप व रेडिओ संच सापडला. दरम्यान सुमारे ८ लाख लिटर मैलापाणी उद्यानांत, ओढ्यांत आणि एका मोठ्या हॉटेलच्या आवारात पसरले होते. जलचर मेले, ओढ्याचे पाणी काळे पडले, लोकांना दुर्गंधी असह्य झाली. त्यास दोन वर्षांचा कारावास झाला. त्याने कोणतेही कुलूप फोडले नाही, हे येथे ध्यानात घ्यावे. कुलूप नव्हतेच. यंत्रणेची भाषा ज्यास येत होती तो बोलला, आणि यंत्रांनी ऐकले.

इराणमधील नतान्झचे प्रकरण याहून पुष्कळ गाजले. युरेनियम समृद्ध करणारी तेथील सेंट्रिफ्यूज यंत्रे बाहेरच्या जगाशी जोडलेली नव्हती. तरीही स्टक्सनेट नावाचा घातक प्रोग्राम आत शिरला. तो पेन ड्राइव्हमधूनही पसरू शकत असे. जून २०१०मध्ये बेलारूसमधील एका कंपनीने तो शोधून काढला. विंडोजमधील, तोवर निर्मात्यासही ठाऊक नसलेल्या चार त्रुटींचा त्याने उपयोग केला होता. शिवाय सीमेन्सच्या नियंत्रण सॉफ्टवेअरमध्ये एक पासवर्ड कायमचा कोरून ठेवलेला होता. तो आधीच बाहेर फुटलेला होता. पण तो बदलल्यास कारखान्याचे काम बिघडेल, म्हणून बदलू नये, असा सल्ला खुद्द कंपनीस द्यावा लागला! या प्रोग्रामची लागण इराणखालोखाल इंडोनेशिया व भारत या देशांतील संगणकांना अधिक झाली होती, ही गोष्ट आपल्याकडे फारशी बोलली जात नाही. मात्र त्याचा घाव नेमका नतान्झसारख्या मांडणीवरच पडावा, असे तो लिहिणाऱ्यांनी पाहिले होते.

घाव कसा होता? सेंट्रिफ्यूजच्या मोटारींना मिळणारी वारंवारता साधारण १०६४ हर्ट्झ असे. ती काही वेळ १४१० हर्ट्झवर न्यावयाची, मग मोठ्या खंडानंतर २ हर्ट्झपर्यंत खाली आणावयाची आणि पुन्हा मूळपदावर. या ओढाताणीत यंत्रे फुटत. सुमारे १००० सेंट्रिफ्यूज निकामी झाले असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. याहूनही भयंकर भाग निराळाच आहे. हल्ला चालू असताना, आधी नोंदवून ठेवलेली निर्दोष आकडेवारी पुढे करण्याची व्यवस्था त्यात होती. पडद्यासमोर बसलेल्यास सर्व काही ठीक दिसावे. एखाद्या अभियंत्याने पीएलसीतील प्रोग्राम तपासावयास मागितला, तर त्यास मूळची शुद्ध प्रत दाखविली जाई. दस्तऐवज खोटा आणि त्याची पडताळणी करावयाची नक्कलही खोटी! अमेरिकी पत्रकार डेव्हिड सँगर यांनी लिहिले आहे की, इराणी अधिकाऱ्यांचा स्वतःच्या उपकरणांवरील विश्वास इतका उडाला की त्यांनी कारखान्यात माणसे बसविली व डोळ्यांना जे दिसते ते रेडिओवरून कळवावयास सांगितले. हे कृत्य अमेरिका व इस्रायल यांचे, असे पत्रकारांनी मांडले. त्या सरकारांनी ते अधिकृतपणे मान्य केलेले नाही.

युक्रेनमध्ये तर पडद्याने लपविलेही नाही. २३ डिसेंबर २०१५ रोजी तीन वीज वितरण कंपन्यांच्या यंत्रणेत परके शिरले. त्याच्या कित्येक महिने आधी कर्मचाऱ्यांना ईमेलमधून फसव्या फायली पाठवून त्यांनी पासवर्ड मिळविले होते. त्या दुपारी कक्षात बसलेल्यांनी पाहिले की माउसला हात न लावता पडद्यावरील बाण आपोआप फिरतो आहे आणि एकामागून एक उपकेंद्रांचे ब्रेकर उघडतो आहे. सुमारे २ लाख २५ हजार ग्राहक ऐन हिवाळ्यात अंधारात गेले. त्याच वेळी तक्रार केंद्राच्या दूरध्वनीवर खोट्या फोनांचा मारा करण्यात आला, म्हणजे लोकांची खरी तक्रार आत पोहोचू नये. उपकेंद्रांशी बोलणाऱ्या उपकरणांतील सॉफ्टवेअर पुसून टाकण्यात आले. तरीही काही तासांतच वीज आली. कारण कर्मचारी गाड्या काढून उपकेंद्रांवर गेले आणि त्यांनी हाताने ब्रेकर बसविले. त्यांच्याकडे हाताने चालविता येईल असा ब्रेकर होता आणि तो चालविणारा माणूस पगारपटावर होता. सारे काही स्वयंचलित झाले म्हणून अशी माणसे कमी करणाऱ्या व्यवस्थापनांनी हा प्रसंग अवश्य वाचावा.

सौदी अरेबियातील एका पेट्रोरसायन प्रकल्पात २०१७ साली याहून खोल घाव घालण्याचा प्रयत्न झाला. तेथे हल्लेखोरांनी अपघात टाळण्यासाठी ठेवलेल्या सुरक्षा नियंत्रकालाच हात घातला. त्या नियंत्रकावर एक चावी असते; ती ‘प्रोग्राम’ या स्थितीत असेल तरच आतील आज्ञा बदलता येतात. ती त्याच स्थितीत राहून गेलेली होती. हल्लेखोरांच्या प्रोग्राममध्ये दोष निघाला व प्रकल्प आपोआप बंद पडला, म्हणून अनर्थ टळला.

त्रुटी समजल्यावर ती दुरुस्त का होत नाही, असे कोणी विचारील. घरचा संगणक आपण रात्री बंद करून सुरू करतो; पाणीपुरवठा किंवा भट्टी तशी थांबविता येत नाही. यंत्रे वीस-वीस, तीस-तीस वर्षे चालतात. विंडोज एक्सपीला निर्मात्यांनी एप्रिल २०१४ मध्ये निरोप दिला, तरी त्यावर चालणारे कक्ष त्यानंतरही होतेच. आणि दुरुस्तीचा खर्च अपघात होईपर्यंत कोणासच आवश्यक वाटत नाही.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर १२ ऑक्टोबर २०२०ची सकाळ अनेकांस आठवत असेल. मुंबई व परिसराची वीज गेली, लोकल गाड्या जागच्या जागी थांबल्या. मार्च २०२१ मध्ये राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर विभागाच्या अहवालाचा आधार देऊन घातपाताचा संशय व्यक्त केला. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मात्र ती मानवी चूक होती, हल्ल्याचा पुरावा नाही, असे सांगितले. दोन जबाबदार साधने परस्परविरोधी असतील तर इतिहासाच्या विद्यार्थ्याने घाईने निर्णय देऊ नये, म्हणून आम्हीही देत नाही. आमचे लक्ष ‘मानवी चूक’ या शब्दांकडे जाते. चौकशीच्या कागदावर हे शब्द उमटतात तेव्हा तो मानव बहुधा पाळीवर बसलेला, कंत्राटावरचा, सर्वांत खालच्या पगाराचा असतो. भाषेतच ओळख विचारण्याची सोय न ठेवणारा, पासवर्ड कोरून ठेवणारा, दुरुस्ती पुढे ढकलणारा हेही मानवच. पण चूक त्यांच्या नावे क्वचितच लिहिली जाते.

आपला एक माजी विद्यार्थी जलशुद्धीकरण केंद्रात कंत्राटी ऑपरेटर आहे. तेथे पासवर्डची चिठ्ठी पडद्याच्या कडेलाच चिकटवलेली होती. तिन्ही पाळ्यांना तोच पासवर्ड, आणि काम सोडून गेलेल्या जुन्या कंत्राटदाराच्या माणसांनाही तोच ठाऊक. बदलावा, असे त्याने सुचविले तेव्हा उत्तर मिळाले, “चालू आहे ना? मग हात लावू नकोस.” एका रात्री पडद्यावर शुद्ध पाण्याच्या टाकीची पातळी तासन् तास एकाच आकड्यावर स्थिर दिसली. पंप चालू, शहरात पाणी जाते आहे, आणि आकडा हलत नाही, हे त्यास खटकले. तो विजेरी घेऊन खाली गेला, टाकीतील पातळीची पट्टी पाहिली. पाणी पुष्कळ उतरले होते. त्याने वरिष्ठांस फोन केला, पंप आवरते घेतले आणि लॉगबुकात वेळेसह दोन्ही आकडे लिहिले: पडद्यावरचा आणि डोळ्यांनी पाहिलेला. हल्ला वगैरे काही नव्हता, संवेदक बिघडला होता. परंतु सकाळी साहेबांचा पहिला प्रश्न होता, “तू कशाला हात लावलास?” त्याने लॉगबुकाचे पान पुढे केले. पुढे चौकशी झाली ती संवेदकाची.

दिवाळीच्या सुट्टीत तो शाळेत आला तेव्हा त्याने हे सर्व आम्हास सांगितले आणि मग गच्चीवर जाऊन टाकी पाहून आला. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः बाजारातून पारदर्शक नळी आणून ती टाकीच्या बाहेरून बसविली व तिच्यावर तांबड्या रंगाने खुणा केल्या. फ्लोट आहे, ऑटो स्टार्टरही आहे. तरी सातवीच्या मुली रोज सायंकाळी ती नळी पाहतात व वहीत पातळी लिहितात. वहीतील पहिली नोंद त्याच्या अक्षरात आहे.