खांदेरी-उंदेरी : सहलीआधी पाहायची तिथी

अलिबागच्या उत्तरेला थळच्या किनाऱ्यासमोर दोन जलदुर्ग आहेत. उंदेरी किनाऱ्याला जवळ आणि आकाराने लहान. त्याच्या तटाला चारी बाजूंनी काळी खडपे भिडलेली. खांदेरी त्याच्या पलीकडे, किनाऱ्यापासून चार-पाच किलोमीटर आत, दोन टेकड्यांचे आणि बऱ्यापैकी झाडीचे बेट. त्यावर १८६७ सालचे दीपगृह आहे आणि कोळ्यांचा वेताळ आहे. एलिफंटा किंवा जंजिऱ्यासारखे तिकीट काढून फेरीत बसावे, अशी सोय इथे नाही. गटाने स्वतः बोट ठरवायची, वेळ ठरवायची आणि जबाबदारीही बरीचशी स्वतःच घ्यायची. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची मालिका जागतिक वारसा यादीत गेली. तीत खांदेरी असल्यामुळे चौकशी करणारे वाढणे स्वाभाविक आहे. समुद्राची सवय नसलेल्यांची गाठ मात्र पहिल्यांदा किल्ल्याशी नव्हे, भरती-ओहोटीशी पडते.

अशा सहली फसतात त्या बहुधा आखणीचा क्रम उलटा झाल्यामुळे. आधी रविवार धरला जातो, मग माणसे जमवली जातात, मग बोट, आणि भरती किती वाजता आहे हा प्रश्न धक्क्यावर पोचल्यावर विचारला जातो. पौर्णिमेला लागून आलेला रविवार धरणाऱ्या गटाचा दिवस साधारण असा जातो. सकाळी सातला सगळे थळला हजर होतात, पण ओहोटी नुकतीच सरलेली असल्याने बोट वाळूत बसलेली असते. ती तरंगेपर्यंत नऊ वाजतात. उंदेरीभोवतीची खडपे अजून उघडी, म्हणून आधी खांदेरी उरकावे लागते. दुपारी बाराच्या भरतीला उंदेरीजवळ यावे, तर तोवर वारा उठलेला असतो. तांडेल बोट खडकाला लावायला तयार होत नाही, आणि ते बरोबरच असते. परतीच्या वाटेवर लाटांचे पाणी अंगावर घेत आणि पोटातले सांभाळत मंडळी किनारा गाठतात. उंदेरी फक्त लांबून पाहिलेले असते.

कोकण किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी होते. दोन भरत्यांमध्ये सुमारे बारा तास पंचवीस मिनिटांचे अंतर असते, म्हणून भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. चंद्राशी बांधलेले हे चक्र असल्याने पंचांगातली तिथी कळली की वेळेचा अंदाज करता येतो. अलिबागच्या बाजूला वापरला जाणारा हिशेब सोपा आहे : तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते, आणि तीत सहा मिळवले की पूर्ण ओहोटीची. चतुर्थीला भरती तीनला, अष्टमीला सहाला, द्वादशीला नऊला. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान. पक्ष शुक्ल असो की कृष्ण, हिशेब तोच. या आडाख्यात अर्धा-पाऊण तास इकडचा तिकडे होतो, कधी त्याहूनही थोडा जास्त. तेव्हा तिथीवरून दिवस निवडावा आणि नेमकी वेळ भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातून मुंबईची घ्यावी. थळसाठी ती पुरेशी जवळची आहे.

वेळेइतकीच पाण्याची उंची महत्त्वाची. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते. मोठ्या उधाणात भरती आणि ओहोटी यांच्या पातळीतला फरक चार मीटरच्या वर जातो, आणि एवढे पाणी सहा तासांत आत-बाहेर करते म्हणून ओढही जोराची असते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती येते. तेव्हा हा फरक निम्म्याहूनही कमी आणि पाणी बरेच शांत. डोल जाळ्याची मासेमारी पाण्याच्या ओढीवरच चालते, त्यामुळे उधाणाच्या दिवसांत कोळी कामात गढलेले असतात आणि भांगाच्या दिवसांत तुलनेने मोकळे. पाहुण्यांशी निवांत बोलायला त्यांना तेव्हाच सवड असते.

आता वारा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात पहाटेपासून मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा वारा असतो आणि पाणी पुष्कळदा सपाट असते. दुपारकडे तो पडतो आणि खारा वारा सुरू होतो. फेब्रुवारीनंतर वायव्येकडचा वारा दुपारी जोर धरू लागतो, आणि एप्रिल-मेमध्ये सकाळी अकराचा समुद्र व दुपारी तीनचा समुद्र यांची ओळख पटू नये इतका फरक पडतो. म्हणून बेटांवरचे काम सकाळीच संपवून दुपारी एकच्या सुमारास थळला परतलेले असावे. पावसाळा हा विषयच नाही. २६ मे ते ३१ ऑगस्ट या काळात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर अशा जलपर्यटनाला बंदी असते. त्या काळात नेतो म्हणणारा भेटला तर त्याची दुसरी कुठलीही आश्वासने तपासत बसण्याची गरज उरत नाही.

भरती आणि वारा या दोन अटी एकत्र ठेवल्या की उत्तर आपोआप निघते. उंदेरीला धक्का नाही. पाणी चढलेले असतानाच बोट खडकांवरून तटाजवळ जाऊ शकते. खांदेरीला धक्का आहे, त्यामुळे तिथे पाणी थोडे उतरले तरी चालते. थळचा किनारा उथळ असल्याने निघताना आणि परतताना पूर्ण ओहोटी नको. या सगळ्यात बसणारे दिवस म्हणजे एकादशी, द्वादशी आणि त्रयोदशी, भरती सकाळी सव्वाआठ ते पावणेदहाच्या दरम्यानची. सातच्या सुमारास निघावे, पाणी चढत असतानाच उंदेरीवर उतरावे, भरती पूर्ण होऊन उतार लागला की खांदेरीकडे जावे आणि ओहोटी खोल होण्याआधी परत यावे. उंदेरीला चढत्या पाण्यातच जाण्यामागे आणखी एक कारण आहे. चढत्या पाण्यात बोट खडकाला टेकली तर थोड्या वेळात आपसूक सुटते. उतरत्या पाण्यात टेकली तर पुढच्या भरतीपर्यंत तिथेच. अष्टमीला भरती पहाटे सहाची, म्हणजे उंदेरीला अंधारात निघावे लागेल आणि बाराच्या ओहोटीत गुडघाभर चिखलपाण्यातून किनारा गाठावा लागेल. असे सोयीचे तीन दिवस महिन्यातून दोनदा येतात. त्यांत शनिवार-रविवार सापडला तर उत्तम, नाही तर एक रजा काढणे हे दोन जागा अर्धवट पाहण्यापेक्षा स्वस्त पडते. सकाळी सातला निघायचे तर आदल्या रात्री थळ, किहीम किंवा अलिबागला मुक्काम हवा. पहाटे पुण्याहून किंवा मुंबईहून निघून वेळ गाठू, हा बेत घाटातल्या पहिल्या खोळंब्याला कोसळतो.

बोट ठरवताना भाड्याआधी कागद विचारावेत. प्रवासी बोटींची नोंद आणि परवाना महाराष्ट्र सागरी मंडळाच्या कक्षेत येतो. बोटीच्या अंगावर ‘आयएनडी-एमएच’ने सुरू होणारा क्रमांक रंगवलेला असेल तर ती नोंदणी मासेमारीची असते. अशा बोटीचा तांडेल कितीही कसलेला असला (आणि थळचे कोळी पाण्यात कुणाला हार जाणारे नाहीत), तरी प्रवासी वाहण्याची परवानगी आणि प्रवाशांचा विमा या गोष्टी तिला आपोआप लागू होत नाहीत. परवानगी आहे का, किती माणसांची, विमा आहे का, हे तीन प्रश्न विचारून उत्तर गोलमोल आले तर ती बोट सोडलेली बरी. माणसांच्या मोजणीत कडेवरचे मूलही धरावे. संख्या भरत आली की ‘दोन जण तर जास्त आहेत’ म्हणून आग्रह करणारे बहुधा पाहुणेच असतात. बोटवाला आधी नाही म्हणतो आणि मग भिडेस्तव हो म्हणतो.

जीवरक्षक जॅकेट ‘आहेत’ एवढे उत्तर पुरत नाही. ती मोजून घ्यावीत, पट्टे आणि क्लिपा शाबूत आहेत का पाहावे, मुलांच्या मापाची वेगळी मागावीत, आणि बोट सुटण्याआधी अंगात घालावीत. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात एलिफंटाकडे निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि माणसे दगावली. तो दिवस वादळाचा नव्हता. संकट आल्यावर जॅकेट शोधून घालायला वेळ मिळतो, हा समज त्या दुपारी खोटा ठरला. तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी सुरक्षेचा १०९३ हे क्रमांक किमान दोघांच्या फोनमध्ये साठवलेले असावेत. किती जण गेले आणि किती वाजता परतणार, हे किनाऱ्यावरच्या एखाद्याला सांगून जावे.

सौदा पूर्ण बोटीचा करावा, डोईमागे नव्हे. डोईमागे दर ठरला की जास्त माणसे कोंबण्यात दोन्ही बाजूंचा फायदा दिसू लागतो. बोलणीत एक वाक्य स्पष्ट हवे : उंदेरीवर उतरवणार की फक्त फेरी मारून दाखवणार? ‘दोन्ही किल्ले करू’ या शब्दांत दोन्ही अर्थ मावतात. खांदेरीवर किती वेळ थांबणार आणि वाऱ्यामुळे उंदेरी रद्द झाले तर भाडे किती, तेही आधीच ठरवावे. शेवटच्या मुद्द्यावर घासाघीस करू नये. उंदेरीवर न उतरल्याचे पैसे कापले जाणार असतील, तर तांडेलावर नको त्या वेळी बोट खडकाला लावण्याचा दबाव येतो. खांदेरीच्या दीपगृहात जायचे असेल तर परवानगीचा प्रश्न येतो. ती कोण काढणार हे बोलणीतच मिटवावे.

आदल्या संध्याकाळी हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ संस्थेचा लाटांचा अंदाज पाहावा. सकाळी किनाऱ्यावर उभे राहून क्षितिजाकडे पाहावे. लांब पाण्यावर पांढरे फेस फुटताना सातलाच दिसत असतील तर अकराला काय असेल ते सांगायला नको. अखेरचा शब्द तांडेलाचा. तो ‘आज नको’ म्हणाला की दुसरा तांडेल शोधू नये.

सामानात पाणी सर्वांत महत्त्वाचे. दोन्ही बेटांवर जुनी टाकी आहेत, पण पिण्याचे पाणी आपले आपण, माणशी किमान दोन लिटर. उंदेरीवर सावली जवळजवळ नाही. पायांत मागे पट्टा असलेली रबरी सँडल हवीत. चपला खडकात अडकून सुटतात, आणि अनवाणी पाय कालवांच्या धारेने कापतात. ज्यांना बोट लागते त्यांनी मळमळीची गोळी निघण्याआधी तासभर घ्यावी, उपाशीपोटी चढू नये, बोटीच्या मधल्या भागात धुरापासून दूर बसावे आणि फोनकडे न पाहता क्षितिजाकडे पाहावे.

उंदेरीवर उतरणे हा पूर्ण दिवसातला सर्वांत नाजूक क्षण. बोट लाटेबरोबर वर-खाली होते आणि खडक शेवाळाने निसरडा असतो. दोन्ही हात मोकळे ठेवावेत. पिशव्या आणि कॅमेरे नंतर हातोहात द्यावेत. बोट वर आली की तांडेलाच्या हाकेवर एकेकाने पाय टाकावा. बोट आणि खडक यांच्या मधोमध पाय किंवा हात कधीही घालू नये. बोट हाताने थोपवण्याची उबळ अनेकांना येते, आणि त्यात हाडे मोडतात. गुडघेदुखी असलेल्यांनी, गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी उंदेरीला बोटीतच थांबावे आणि खांदेरीच्या धक्क्यावर सगळ्यांबरोबर उतरावे. उंदेरीवर पाऊण तास पुरतो : तट, बुरूज, झुडपांत पडलेल्या तोफा. पाणी उतरू लागले की तांडेल हाक मारतो. त्या हाकेला पाच मिनिटांत बोटीपाशी यायचे, हे उतरण्याआधीच सर्वांना बजावून ठेवावे.

खांदेरीला दीड-दोन तास द्यावेत. लोखंडी गाड्यावर उभी तोफ, ठोकल्यावर धातूसारखा नाद देणारा खडक, वेताळाचे ठाणे आणि दीपगृहाची टेकडी एवढे निवांत होते. टेकडीवरून उंदेरी आणि थळ एका नजरेत येतात, आणि १६७९ सालची लढाई कागदावर वाचून समजत नाही ती इथे समजते. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने मायनाक भंडारीने त्या वर्षी या बेटावर तट बांधायला घेतला. मुंबईच्या इंग्रजांनी मोठी जहाजे आणून वेढा घातला. पण वारा पडला की ती जहाजे जागीच खिळत, आणि मराठ्यांच्या लहान होड्या उथळ पाण्यातून वल्ही मारत रात्री बेटावर सामान पोचवत. इंग्रजांना अखेर माघार घ्यावी लागली. १६८० च्या आरंभी जंजिऱ्याच्या सिद्दीने शेजारचे उंदेरी बळकावले आणि दोन किल्ले समोरासमोर तोफा रोखून बसले. वेताळाच्या ठाण्याशी कोळ्यांची श्रद्धा जोडलेली आहे. तिथे पादत्राणे काढावीत, ओरडा टाळावा. कचरा पिशवीत भरून परत न्यावा.

खांदेरीवर असताना वारा अपेक्षेपेक्षा लवकर उठला तर तांडेल दोनपैकी एक सांगतो : लगेच निघा, किंवा थांबा. लगेच निघा म्हटले तर राहिलेली टेकडी सोडावी. थांबा म्हटले तर धक्क्याच्या आडोशाला बसावे. शिल्लक पाणी आणि कोरडा खाऊ यासाठीच ठेवलेला असतो. सोमवारी सकाळची अत्यावश्यक बैठक असलेल्याने रविवारी बेटावर जावे का, याचा विचार त्याने निघण्याआधीच करावा.

आणि सकाळीच तांडेलाने नकार दिला तर त्याच तिथीचा दुसरा उपयोग होतो. एकादशी-द्वादशीला पूर्ण ओहोटी दुपारी सव्वादोन ते तीनला असते, आणि अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीतच गाठायचा असतो. भांग जवळ असल्याने वाटेत गुडघाभर पाणी राहू शकते. तेव्हा घोडागाडी करावी. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी निघावे, किल्ल्यातला १७५९ सालचा गणपती आणि तटावरच्या तोफा पाहाव्यात, आणि पाणी परत फिरल्यापासून तासाच्या आत किनाऱ्यावर यावे.