हळद काढणीची घाई नको



उसाची पक्वता आपण सगळेच जाणतो. कोवळा ऊस गव्हाणीत पडला की उतारा घसरतो. तोडणी लांबून ऊस पोकळ पडला, तर वजनही जाते आणि साखरही. म्हणून तर आम्ही शेतकी खात्याची माणसे ब्रिक्स पाहतो. हाच हिशोब औषधी पिकांनाही लागतो. खोडवा मोडून बेवडाला हळद करणाऱ्या सभासदांसाठी या वेळी त्याविषयी लिहीत आहोत.

हळदीला पिवळा रंग येतो तो कुरकुमीनमुळे. हा पदार्थ अँटीऑक्सिडंट आहे. शब्द मोठा, पण अर्थ सोपा. तेल उघडे राहिले की हवेने खवट होते. अशी हवेने होणारी नासाडी रोखून धरणारा पदार्थ म्हणजे अँटीऑक्सिडंट. हळदीत कुरकुमीन साधारण २ ते ६ टक्के सापडते. ते किती भरेल हे जात, जमीन-हवामान आणि कंदाचे वय यांवर ठरते. एकच बेणे दोन गावांत लावले तरी आकडा वेगळा येतो. तेव्हा लांबचे आकडे ऐकून बेणे आणण्याची घाई करू नये.

आता मुख्य मुद्दा. हळदीला जातीप्रमाणे आठ ते नऊ महिने लागतात. मे महिन्यातली लागण जानेवारी-फेब्रुवारीत तयार होते. पण सुरू उसाची लागण साधायची म्हणून काहीजण डिसेंबरातच हिरव्या पाल्यावर कुदळ घालतात. अशा कंदात पाणी फार. तो वाळला की सुरकुततो, वजन घटते आणि दर पडतो. रान महिनाभर लवकर मोकळे झाले खरे, पण आठ महिन्यांच्या कष्टावर पाणी पडले! उलट, फार दिवस ओलीत ठेवलेला कंद पुन्हा कोंब धरतो आणि साठवलेले अन्न त्यात खर्च करतो. तेही नुकसानच.

यासाठी पुढील गोष्टी पाळाव्यात:

१) नत्राचा शेवटचा हप्ता भरणीबरोबर संपवावा. उशिरा युरिया टाकला तर पाला हिरवा राहतो, पक्वता लांबते.

२) सरीत पाणी तुंबू देऊ नये. कंदकुज लागली की गुणही गेला आणि मालही.

३) पाला पिवळा पडून वाळू लागला की पाणी तोडावे आणि साधारण पंधरा दिवसांनी काढणी करावी.

४) कंद दोन-तीन दिवसांत साध्या पाण्यात शिजवावेत. चुना किंवा सोडा घालू नये, कारण क्षारात कुरकुमीन टिकत नाही. फेस येऊन हळदीचा वास सुटला आणि काडी सहज टोचली की थांबावे.

५) वाळलेला माल उन्हात पडू देऊ नये. कुरकुमीन उजेडाने विरते. पूड तर झाकूनच ठेवावी.

राहिला सुरू उसाचा प्रश्न. ज्यांची हळद उशिरा निघेल त्यांनी सुरूचा हट्ट धरू नये. उन्हाळ्यात रान तापू द्यावे, पाणी असेल तर ताग पेरून फुलोऱ्यात गाडावा आणि जुलै-ऑगस्टमध्ये आडसाली लावावी. हळदीचा दर मिळेल, जमिनीला खत मिळेल आणि पुढच्या उसाचे टनेजही राहील.

लक्षात ठेवावे, हळदीची वेळ दुसऱ्या पिकाला लावू नये. तुळस पाल्याचे पीक, ती फुलोऱ्यात कापतात. जो भाग विकायचा, त्याची पक्वता पाहायची.

काढणीपूर्वी शंका असल्यास आपल्या गट ऑफिसला निरोप द्यावा. आमचा माणूस रानात येऊन पाहील.

— ऊस विकास अधिकारी