माळावर स्टायलो पेरायला एकरी किती खर्च येतो?

सोलापूर, अहिल्यानगर किंवा माण-खटावच्या मुरमाड माळावर दिवाळीनंतर उरतं ते बहुतेक कुसळी गवत. वाळता वाळता त्यातली प्रथिनं तीन-चार टक्क्यांवर येतात. सात टक्क्यांच्या खाली कोठीपोटातल्या जिवाणूंनाच नत्र पुरत नाही. जनावर पोटभर चरतं, तरी हाडं दिसू लागतात. अशा गवतात स्टायलोसारखं शेंगावर्गीय पीक मिसळावं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. अडतं ते खर्चापाशी. पुढचा हिशेब एक एकर जिरायती कुरणाचा आहे. बाजारभाव समजुतीपुरते धरले आहेत, तिथे तुमच्या गावचे घाला.

अंजन गवताचं दोन किलो आणि स्टायलोचं दोन किलो, एवढं बियाणं पुरतं. घेताना नुसता भाव नको, उगवणीची टक्केवारीही विचारा. ४०० रुपये किलोचं बी ६० टक्के उगवलं, तर उगवणारं बी ६६७ रुपये किलोनं पडलं. ३०० रुपयांचं ३० टक्केच उगवलं, तर तेच हजार रुपयांना. अंजनाचं अगदी ताजं बी सुप्तावस्थेत असतं, मागच्या हंगामातलं अधिक बरं. स्टायलोच्या बियांचं कवच कठीण असतं. ८० अंश तापलेल्या पाण्यात चार-पाच मिनिटं ठेवून बी सावलीत सुकवायचं आणि सेंटिमीटरभराहून खोल पेरायचं नाही. सरपणाखेरीज याला खर्च नाही, पण हे टाळलं तर चांगलं बीही वाया जातं.

सिंगल सुपर फॉस्फेटच्या ५० किलोच्या दोन गोण्या पेरणीआधी मातीत मिसळा. त्यातून १६ किलो स्फुरद मिळतं. ही रक्कम वाचवू नका. स्फुरदाविना शेंगावर्गीय पिकाच्या मुळांवर गाठी नीट धरत नाहीत. युरिया मात्र टाळा, त्यानं गवत फोफावून स्टायलोला दाबतं.

खरा पैसा जातो कुंपण, राखण आणि पहिल्या खुरपणीत. स्टायलोची रोपं सुरुवातीला फार हळू वाढतात, म्हणून महिन्याभरात एकदा तण काढावंच लागतं. तारेचं कुंपण परवडत नसेल तर शेर किंवा घायपात लावा. पण ते उभं राहीपर्यंत राखणीची मजुरी हिशेबात धरा. आणखी एक खर्च कुणी मांडत नाही: पहिल्या वर्षी या तुकड्यात जनावर सोडायचं नाही. स्टायलोचं बी खाली पडू द्यायचं, मग गवत कापून न्यायचं. त्या पावसाळ्यातल्या चराईची सोय दुसरीकडे करावी लागते, तिची किंमत आधीच काढून ठेवा.

आता परतावा. कुरण बसल्यावर एकरी दीड टन वाळला चारा आणि त्यात तिसरा हिस्सा स्टायलो धरू. या ५०० किलोंमागे हवेतलं नत्र जमतं सुमारे बारा किलो. ४५ किलोची युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळत असताना ही बचत दीडशे रुपयांची. नुसत्या खतासाठी हा खटाटोप परवडणार नाही. पण त्याच स्टायलोत १२ टक्क्यांनी ६० किलो प्रथिनं आहेत, म्हणजे सुमारे २७० किलो सरकी पेंडीत असतात तेवढी. पचनाचा फरक म्हणून निम्मीच मोजली आणि पेंड ३५ रुपये किलो धरली, तरी वर्षाला पावणेपाच हजारांच्या आसपास. ज्यांच्याकडे पेंड विकत येते त्यांनी हे कुरण जरूर करावं, असं माझं ठाम मत आहे.

हातात पैसे कमी असतील तर खत तोडू नका, क्षेत्र तोडा. गोठ्याजवळच्या अर्ध्या एकरात सुरुवात करा. हिवाळ्यात तिथलं गळलेलं बी झाडूनं गोळा करून चाळलं, की पुढच्या पट्ट्यासाठी स्टायलो विकत घ्यावा लागत नाही.