एक गोळी का पुरत नाही?

प्रश्न : वडिलांचा मोठ्या आतड्याचा कर्करोग यकृतात पसरलाय, केमोही झाली. अहवालात ‘बीआरएएफ व्ही६००ई’ हा जनुकीय बदल आहे. डॉक्टर दोन औषधं सुचवतात. एक पुरणार नाही?

उत्तर : नाही. नुसतं बीआरएएफ अडवलं की आतड्याच्या कर्कपेशी ईजीएफआर या वाढीच्या दुसऱ्या संकेताची वाट धरून पुन्हा वाढतात. म्हणून बीआरएएफ अडवणाऱ्या एन्कोराफेनिबच्या गोळ्यांसोबत ईजीएफआर अडवणारं सेटुक्सिमॅब शिरेतून देतात. ‘बीकन’ चाचणीत ६६५ रुग्णांवर हे तपासलं गेलं. २०१९च्या निष्कर्षांत केमो-सेटुक्सिमॅबवर मध्यक आयुष्य ५.४ महिने होतं, या जोडीवर ८.४. वाढ थोडी वाटेल. या आजारात मी ती मोलाचीच मानतो. बिनिमेटिनिब हे तिसरं औषध जोडल्यावर जुलाब वाढले, पण पुढच्या पाहणीत जोडीपेक्षा आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. सेटुक्सिमॅबने चेहऱ्यावर मुरमांसारखं पुरळ येतं. घाबरून उपचार थांबवू नका, डॉक्टरांना लगेच दाखवा.